तळ्यातले केस

बुवांनी बरणी उचलून उन्हात धरली आणि काठावरच्या तीनेकशे माणसांच्या तोंडून एकच "आहाहा" निघालं.

आदल्या संध्याकाळी याच लोकांदेखत त्या बरणीत तळ्याचं पाणी भरलं होतं. बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याचा नाला तळ्याला मिळतो तिथलं, राखाडी, गोणपाट धुतल्यावर उरतं तसलं. त्यात जलपर्णीचं एक रोप ठेवलं होतं. पानं वर, मुळं खाली. आता सकाळी त्याच पाण्यातून बुवांचा पलीकडचा अंगठा नखासकट दिसत होता.

"काल काय होतं? चिखल. आज काय आहे? काच!" बुवा म्हणाले. "कोणी केलं हे? मी? छे हो! मला घरचा गळका नळ दुरुस्त करता येत नाही." लोक हसले. बुवांनी हसू ओसरू दिलं आणि आवाज खाली आणला. "तिने केलं. हे रोप नव्हे, माझ्या लेकरांनो. हे तिचे केस. तिने केस मोकळे सोडलेत तळ्यात, आणि एकेका केसाने विष ओढून घेतेय. कशासाठी? अरे, आई होती ती!"

त्यांनी रोप वर काढलं. काळीजांभळी, हातभर लांब, पिसासारखी मऊ मुळं निथळत लोंबू लागली. कुणीतरी हुंदका दिला. पुढच्या रांगेतल्या बायका हात जोडून उभ्या होत्या, आणि त्यांच्यात माझी थोरली बहीण होती, कडेवर तिची सहा वर्षांची मुलगी.

बुवा जिला 'ती' म्हणत होते, ती आमची आई.

आमची आई त्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांवर राखाडी धूळ असायची. ताई तिच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतायची आणि मी मोरीतून वाहणारं काळं पाणी बघत बसायची. शेवटच्या वर्षी आईचं डोकं फिरल्यासारखं झालं. चूल पेटवून विसरायची, मला ताईच्या नावाने हाक मारायची, नसलेल्या माणसांशी बोलायची. एका दुपारी कामावरून निघाली ती सरळ तळ्यात चालत गेली. मी नऊ वर्षांची होते, ताई चौदाची. आई सापडली नाही.

तेव्हापासून तळ्याला बाई लागली असं लोक म्हणू लागले. मासे उलटे तरंगले, बाईने मारले. पाणी प्यायलेली गुरं कोसळली, बाईला हवी होती. काठावरच्या वस्तीतली मुलं शाळेत मागे पडायची, पोट धरून बसायची, तेही बाईचंच काम. आमची आई जिवंतपणी कुणाला एक वाकडा शब्द बोलली नव्हती, आणि मेल्यावर अख्ख्या गावाचं खापर तिच्या डोक्यावर फुटत होतं.

मी शिकले आणि गावाच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत लागले. पाण्याचे नमुने आणायचे, तपासायचे, आकडे लिहायचे. एवढी नोकऱ्यांची दुनिया पडलेली असताना मी पाणीच का धरलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर, मी भुतंखेतं मानत नाही. पण तळ्यावर नमुना घ्यायला वाकले की बाटली भरेपर्यंत मी पाण्यात बघायची नाही.

दोन वर्षांपूर्वी कुठूनशी जलपर्णी आली आणि अर्धं तळं हिरवं झालं. पाणी हळूहळू निवळलं. एक बगळा आला. आणि बुवा आले. आले म्हणजे तिथेच होते. कारखाना बंद पडल्यावरही त्याच्या फाटकावर राखण करत बसलेले हे गृहस्थ. वीस वर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता लोक त्यांना केसवाले बुवा म्हणत आणि वाकून नमस्कार करत.

त्या सकाळी बरणी बघून मी ताईच्या कानात म्हटलं, "ताई, बरणीला आतून तुरटी फिरवलीय. गढूळ पाण्यात तुरटी टाकली की गाळ तळाला बसतो. आमच्या खात्यात हा चमत्कार रोज होतो, हौदच्या हौद. आमच्या कुणी पाया पडत नाही."

"गप्प बस," ताई ओठ न हलवता म्हणाली. "आणि तळं निवळलं तेही तुझ्या तुरटीने का?"

इथे मी अडले. कारण तळं खरंच निवळलं होतं. नुसतं दिसायलाच नाही. माझ्याच वहीतले आकडे सांगत होते, जलपर्णीखालच्या पाण्यातलं शिसं दोन वर्षांत दहावा हिस्सासुद्धा उरलं नव्हतं.

तेवढ्यात बुवा पुड्या वाटू लागले. वाळवलेल्या मुळांची राख, रोज सकाळी चिमूटभर, दुधातून. लहान मुलांना आधी. "मी स्वतः घेतो, बघा!" म्हणत त्यांनी कमरेची पितळी डबी उघडली, चिमूट जिभेवर टाकली आणि डोळे मिटले. एक पैसा घेत नव्हते. म्हणून तर लोकांचा विश्वास बसला होता.

भाचीने माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. या मुलीला आम्ही 'रेडिओ' म्हणायचो, कारण जागेपणी ती कधी बंद नसायची. गेला महिनाभर मात्र रेडिओ मधूनमधून गप्प होत होता. चेहरा मेणासारखा पिवळट, जेवण टाकलेलं.

"मावशी," ती म्हणाली, "ती राख खाल्ली की तोंडात खिळा ठेवल्यासारखं लागतं."

"औषध कडूच असतं," ताई म्हणाली आणि तिला घेऊन निघाली.

मी ऑफिसात आले. साहेबांनी तळ्याचे आकडे बघून मान डोलवली. "शिसं कमी झालं? उत्तम! लिहून टाका, सुधारणा आहे."

"साहेब, पण गेलं कुठे?"

"काय?"

"शिसं. ते काही कापूर नव्हे उडून जायला. कुजत नाही, जळत नाही. पाण्यात नाही, मग कुठे आहे?"

"अहो, नाही ना पाण्यात? मग आपल्या खात्याचा संबंध संपला," साहेब म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

मी खुर्चीवर बसून राहिले. पाठ्यपुस्तकात वाचलेलं एक पान डोळ्यांसमोर येत होतं. काही पाणवनस्पती पाण्यातले जड धातू मुळांनी ओढून घेतात आणि मुळांतच साठवतात. त्यांच्याकडून घाण पाणी स्वच्छ करून घेता येतं. म्हणजे बुवा एका बाबतीत खरं बोलत होते, केस विष ओढून घेत होते. आणि तेच केस वाळवून, जाळून, बाकीचं वजन धुरात उडवून, मागे राहिलेलं विष ते चिमटीने मुलांच्या तोंडात घालत होते.

मी खुर्ची मागे सारली आणि उठले.

मी तळ्यावर गेले आणि मुळं जवळून बघायला एक रोप ओढलं. भर दुपार होती, काठावर चिटपाखरू नव्हतं. मुळं माझ्या मनगटाभोवती गुंडाळली गेली, ओली, थंड, आणि क्षणभर मी नऊ वर्षांची झाले. मोरीपाशी बसलेली. मला हात झटकून पळून जावंसं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे, मला ती मुळं विंचरावीशी वाटली. तिथे मला पहिल्यांदा ताई कळली.

तिथून ताईकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरात सकाळच्या पुडीचा कागद पडला होता, त्याला दोन चिमटी राख चिकटलेली. मी तो खिशात घातला. दीड तासाने प्रयोगशाळेत यंत्राचा आकडा बघितला तेव्हा यंत्र बिघडलंय असं वाटलं. द्रावण शंभरपट पातळ करून पुन्हा लावलं. यंत्र ठीक होतं.

मी धावत परत गेले.

"ताई, ती राख बंद कर. आत्ता. त्यात शिसं आहे."

ताईने शांतपणे दोरीवरची चादर सरळ केली. "कारखान्याने आईला मारलं तेव्हा तुझं खातं कुठे होतं?"

"ताई..."

"वीस वर्षं लोक माझ्या आईला चेटकीण म्हणाले. आता कुठे आई म्हणताहेत. तिने तळं साफ केलं, ती नातीला जवळ घेतेय. आणि तू यंत्र घेऊन आलीस. तुझ्या यंत्राला आई कळते का?"

"मला कळते! माझीही आई होती ती!"

"मग तुला रडायला का येत नाही तिथे?"

तिने दार लावून घेतलं. ओसरीवर तिचे सासरे बसले होते. भट्टीवाले आजोबा. तीस वर्षं त्याच कारखान्यात शिसं वितळवलेलं, आता हात इतका कापायचा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. ते बोलत क्वचितच.

"शिसं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"हो, आजोबा."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. मी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "मुलीला आण, रक्त तपासू. पण आई नको म्हणाली तर मी उचलून कशी आणू? आणि ही काय एकच मुलगी आहे का? आधी ती पुडी बंद झाली पाहिजे, गावभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोव्ह, काचेची भांडी, गाळायचा कागद आणि दोन बाटल्या घेऊन तळ्यावर गेले. डॉक्टरीणबाई माझ्यासोबत आल्या होत्या. बरणी नुकतीच उचलून झाली होती.

"बुवा," मी मोठ्याने म्हटलं, "आईच्या केसांची परीक्षा करायचीय. लेक म्हणून. परवानगी आहे?"

बुवा नाही म्हणू शकले नाहीत. चेहरा मात्र बारीक झाला. "कर की, पोरी. ती कुठे परीक्षेला भिते?"

मी गर्दीतल्या पाच बायकांकडून पाच पुड्या घेतल्या, एकत्र केल्या, आम्लात उकळल्या, गाळल्या, थंड केल्या. अर्धा तास लागला. लोक कंटाळले. चमत्काराला एक क्षण पुरतो, तपासाला अर्धा तास लागतो. आपलं दुर्दैव असं की गर्दी नेहमी पहिल्याच दुकानाशी जमते.

गाळलेलं पाणी नितळ होतं. मी त्यात दुसऱ्या बाटलीतल्या औषधाचे थेंब सोडले.

पाण्यात पिवळं धमक काहीतरी फुललं. झेंडूसारखं, हळदीसारखं, उन्हात चकाकणारं.

"सोनं!" कुणीतरी ओरडलं.

आणि एकच गलका झाला. "सोनं! बाई पावली! लेकीच्या हाताला पावली!" एक म्हातारी माझ्या पायाशी वाकली. बुवांची कळी खुलली. "सांगत नव्हतो? अरे, विषाचं सोनं करते ती! सोनं!" लोक पुढे रेटू लागले. ज्या भांड्याने मी बुवांचं बिंग फोडायला निघाले होते त्याच भांड्याने त्यांना देवपद मिळत होतं. समोर ताई उभी होती, रेडिओला छातीशी धरून, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला गप्प बसावंसं वाटलं.

"हे सोनं नाही!" मी ओरडले. "ही शिशाची खूण आहे!"

"शिसं म्हणजे ते पेन्सिलीतलं?" मागून कुणी म्हणालं. "त्याने काय होतंय? आम्ही शाळेत पेन्सिली चघळल्यात."

"शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, काका. बॅटरीत असतं. आणि हे जर आईचं देणं असेल, तर बुवांच्या डबीत ते सगळ्यात जास्त हवं. ते तर रोज घेतात. बुवा, डबी द्या."

"माझी डबी?" बुवांचा हात कमरेकडे गेला. "ती... ती वेगळी आहे. ती अनुष्ठानाची."

"कालपर्यंत तर म्हणत होता, जे मी घेतो तेच तुम्हाला देतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"द्या की, बुवा," ती वाकलेली म्हातारीच म्हणाली. "तुमच्यात किती सोनं निघतं ते तरी बघू."

डबी द्यावी लागली. पुन्हा आम्ल, पुन्हा स्टोव्ह, पुन्हा अर्धा तास. या वेळी कुणी कंटाळलं नाही. मी तेच थेंब सोडले. पाणी होतं तसंच राहिलं. आणखी सोडले. काही नाही.

"हे साध्या सरपणाच्या राखेचं पाणी आहे," मी म्हटलं. "बुवा केसांची राख खात नाहीत."

गर्दीतून वाट काढत भट्टीवाले आजोबा पुढे आले. ते ताईपाशी गेले आणि तिच्या कडेवरच्या नातीला म्हणाले, "बाळा, दात दाखव आजोबाला."

रेडिओने ओठ मागे घेतले. आजोबांनी कापऱ्या बोटाने तिची हिरडी उन्हाकडे केली. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला, एक निळसर काळी रेघ होती. पेनाने ओढावी तशी बारीक.

"ही बघा," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "भट्टीवर आम्हा सगळ्यांना होती ही. मी आरशात रोज बघायचो. ज्याची रेघ गडद झाली तो माणूस आधी चिडका व्हायचा, मग पोट धरायचा, मग विसरायचा." ते ताईकडे वळले. "सूनबाई, तुझ्या आईच्या हिरडीला होती. मी एकदा हसताना पाहिली होती तिला. तिला बाहेरचं काही झालं नव्हतं, आणि मेल्यावर ती कुणाला बाधलीही नाही. शिसं चढलं होतं तिच्या डोक्यात. मला कळत होतं. नोकरी जाईल म्हणून मी बोललो नाही. काल रात्रभर हेच डोक्यात होतं."

एक बाई आपल्या मुलाचे ओठ वर करून बघू लागली. मग दुसरी. काठावर सगळीकडे आया मुलांची तोंडं उन्हाकडे करत होत्या. ज्यांना रेघ दिसली त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या मटकन खाली बसल्या.

ताई बुवांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही का खात नव्हता?"

तो फाटकावरचा म्हातारा राखणदार म्हणाला, "सुरुवातीला खायचो. आठवड्यात पोटात कळा यायला लागल्या. मग डबी बदलली."

"आणि आमच्या मुलांना?"

"मला वाटलं, मला बाधत असेल, बाकीच्यांना गुण येतोय. लोक म्हणत होते गुण येतोय. थांबलो असतो तर..." त्याने कारखान्याच्या गंजलेल्या फाटकाकडे बघितलं. "परत तिथे बसायचं होतं मला?"

लोक त्याच्या अंगावर धावले. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "हात लावू नका. पोलीस बघतील त्याचं. तुम्ही मुलं घ्या आणि दवाखान्यात चला. रेघ दिसो न दिसो, ज्याने ज्याने राख खाल्ली त्याने चला!"

सव्वीस मुलांच्या रक्तात शिसं निघालं. शिसं शरीरातून काढणारी औषधं मोठ्या इस्पितळातून आणावी लागली. रेडिओ तिथे तीन आठवडे होती. आता ती जेवते, खेळते, बोलते. पण बोलताना एखादा शब्द सापडत नाही, आणि मग ती थांबून समोर बघत राहते. डॉक्टर म्हणतात, काही भरून येईल, काही कदाचित नाही. त्या थांबण्याची मला भीती वाटते. आईचं तसंच सुरू झालं होतं.

इस्पितळात एका दुपारी ताईने मला विचारलं, "म्हणजे आई तळ्यात नाही?"

"नाही, ताई."

"कुठेच नाही?"

मी तिचा हात धरला. मग आम्ही दोघी रडलो, वीस वर्षांनी, एकत्र.

जलपर्णीचं काय, ते सांगायला हवं. ती अजून तळ्यात आहे, आणि आम्हीच ठेवली आहे. वनस्पतीने कुणाला फसवलं नव्हतं. तिचं काम ती चोख करते. पण मुळं भरली की तिला वेळेवर बाहेर काढावं लागतं. नाहीतर ती कुजते आणि घेतलेलं सगळं पाण्याला परत देते. म्हणून दर दोन महिन्यांनी हातमोजे घालून आम्ही जुनी रोपं काढतो, झाकून वाळवतो, आणि पिंपांत बंद करून विषारी कचऱ्याच्या पक्क्या खड्ड्यात पाठवतो. ना गुरांना घालत, ना खतात टाकत, ना जाळत. खात्याने नाल्याचं तोंडही बंद केलं आहे. याला अजून दहाएक वर्षं लागतील. यात चमत्कार नाही, म्हणून बघायला गर्दीही नसते.

गेल्या महिन्यात शाळेने पालकांची सभा बोलावली. मला बोलायला सांगितलं होतं. मी आकडे काढून ठेवले होते, पण माझ्याआधी ताई उठली. तिला सभेत बोलायची सवय नाही. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"मी अडाणी नाही," ती म्हणाली. "मला लिहिता-वाचता येतं. माझी बहीण पाणी तपासते. तरी मी माझ्या मुलीला स्वतःच्या हाताने विष दिलं, एकोणतीस दिवस. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला फक्त कुणीतरी हवं होतं जे म्हणेल, तुझी आई चांगली होती. त्याने ते म्हटलं, आणि मी पुडीत काय आहे ते विचारलं नाही. तुमच्याही घरात कुणीतरी गेलेलं असेल. कुणीतरी आजारी असेल. तुम्हाला जे ऐकायचंय नेमकं तेच सांगणारा माणूस तुमच्याही दारात येईल. त्याला रागवू नका, मारू नका. विचारा, यात काय आहे? कुणी तपासलंय? तू स्वतः हेच खातोस का? त्याला राग आला तर येऊ दे. मुलाच्या तोंडात काही घालण्याआधी विचारा."

ती खाली बसली. मी माझे आकडे पिशवीत परत ठेवले.